सिल्व्हेराडोच्या व्ही-८ मागे जुना टीएच-४०० बसवताना

१९९९ ते २००६ च्या शेवरले सिल्व्हेराडो १५०० मध्ये ५.३ लिटर व्ही-८ च्या मागे ४एल६०ई हा चार गिअरचा इलेक्ट्रॉनिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येतो. रोजच्या वापराला तो पुरतो. पण जड ट्रेलर, टर्बो किंवा ड्रॅग रेसची पट्टी यांतलं काही एक आलं की आतला सन शेल फाटतो आणि दुसरा, चौथा आणि रिव्हर्स असे तीन गिअर एका फटक्यात जातात. अशा वेळी अमेरिकेतल्या गॅरेजांत हमखास निघणारा उपाय म्हणजे टर्बो-हायड्रामॅटिक ४००, म्हणजेच टीएच-४००. १९६४ मध्ये कॅडिलॅक आणि ब्यूकमध्ये आलेला हा तीन गिअरचा डबा पुढे रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोत गेला, जॅग्वारच्या व्ही-१२ मागे लागला आणि लष्कराच्या हमव्हीतही बसला. अमेरिकेत स्वतःच्या गराजमध्ये ट्रक उघडून बसणारे मराठी लोक आता कमी नाहीत, त्यांच्यासाठी हे टिपण. खालचं सगळं मागच्या चाकांवर चालणाऱ्या ट्रकला लागू आहे. फोर-बाय-फोरला ट्रान्स्फर केसचं वेगळं प्रकरण आहे, ते इथे घेतलेलं नाही.

२००७ नंतरच्या, सहा गिअरच्या ६एल८० वाल्या गाड्यांनाही हे करता येतं, पण करू नये असं आमचं मत. त्यात गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सच्या पोटातच असतो आणि गाडीच्या बाकी कॉम्प्युटरांशी तो सतत बोलत असतो. तो काढला की नुसत्या डॅशबोर्डची समजूत घालण्यात आठवडे जातात.

आधी हिशेब

४एल६०ई चे गिअर ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. टीएच-४०० चे २.४८, १.४८ आणि १.००. म्हणजे पहिल्यातली ओढ एकोणीस टक्क्यांनी कमी होते आणि ओव्हरड्राइव्ह (१.०० पेक्षा कमीचा, हायवेचा गिअर) तर नाहीच. २६५/७०आर१६ टायर आणि ३.७३ चा डिफरन्शियल धरला, तर ताशी १०० किलोमीटरला इंजिन आधी १७८० च्या आसपास फिरत होतं, आता २५४० फिरेल. वर या डब्याच्या कन्व्हर्टरला (इंजिनाची ताकद ऑइलमधून डब्याला देणारा भाग) लॉकअप, म्हणजे घसर थांबवणारं कुलूप, नाही, त्यामुळे थोडी घसर कायमची. डिफरन्शियल ३.०८ केला तर तोच वेग २१०० वर येतो, पण उठाव आणखी मरतो. रोज दीडशे किलोमीटर हायवे असेल तर हा उद्योग करू नका. ४एल८०ई बघा, तो याच टीएच-४०० च्या पोटी जन्मलेला आणि ०.७५ चा ओव्हरड्राइव्ह असलेला भाऊ आहे.

आणखी एक. कॅलिफोर्नियात जुलै २०२१ पासून स्मॉग तपासणीत इंजिन कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर मूळचंच आहे का हे पाहिलं जातं. या कामात ते बदलावंच लागतं. तिथला नंबर असलेली रस्त्यावरची गाडी असेल तर विषय तिथेच संपला.

डबा निवडताना

भंगारवाला ज्याला ‘फोर हंड्रेड’ म्हणतो तो दर वेळी असतोच असं नाही. तळाचं पॅन बघा. टीएच-३५० (याच कुळातला धाकटा डबा) आणि टीएच-४०० दोन्हींच्या पॅनला १३ बोल्ट असतात, म्हणून नुसती मोजणी पुरत नाही. टीएच-३५० चं पॅन चौकोनी आणि एक कोपरा कापलेला, ४०० चं वेडंवाकडं, नकाशासारखं. खात्रीची खूण बाजूला: ३५० ला किकडाऊनची (पाय पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी) केबल आत जाते, ४०० ला ड्रायव्हरच्या बाजूला विजेचा सॉकेट असतो. १७ बोल्ट दिसले तर हातात ४एल८०ई आलाय.

दुसरी फसवणूक बेल हाउसिंगची, म्हणजे डब्याच्या इंजिनाला जोडल्या जाणाऱ्या घंटेसारख्या तोंडाची. ब्यूक, ओल्ड्समोबिल आणि पॉन्टिअॅकच्या डब्यांचे बोल्ट शेवरलेच्या इंजिनाला जुळत नाहीत. पुठ्ठा घ्या, तो इंजिन ब्लॉकच्या मागच्या तोंडावर दाबून भोकांचा छाप काढा आणि खरेदीला सोबत न्या. १९६५ ते ६७ च्या काही डब्यांत पाकळ्यांचा कोन बदलणारा कन्व्हर्टर होता. त्याची आतली रचना वेगळी, साधा कन्व्हर्टर त्याला चालत नाही. तो कितीही स्वस्त मिळाला तरी सोडा. शेपटाची लांबी चार इंचवाली घ्या. तो डबा सव्वाअठ्ठावीस इंचांचा भरतो, ४एल६०ई पेक्षा जेमतेम अडीच इंच आखूड.

विकत घेतलेला डबा न उघडता बसवणं हा जुगार आहे. निदान क्लच प्लेटा, सगळी सीलं, पॅकिंग, फिल्टर आणि व्हॅक्यूम मॉड्युलेटर नवे घाला. गव्हर्नरचा (वेगाप्रमाणे गिअर बदलायला लावणारा भाग) प्लॅस्टिकचा गिअर नखाने तपासा. दात झिजलेले असतील तर गाडी पहिल्यातून वर जाणारच नाही आणि तुम्ही व्हॅक्यूमच्या नळीला शिव्या देत बसाल.

क्रँक ते कन्व्हर्टर: सगळं मरण इथे

बेल हाउसिंगचे बोल्ट जवळजवळ जुळतात, म्हणून लोकांना वाटतं काम सोपं आहे. जुन्या शेवरले ब्लॉकच्या सहा भोकांपैकी पाच या इंजिनाला आहेत, सहावं नाही. पाचांवर काही बिघडत नाही. आटे मात्र मेट्रिक, एम१० × १.५. जुन्या डब्याबरोबर आलेले तीन-अष्टमांश इंचाचे बोल्ट सुरुवातीचे दोन वेढे जातात आणि मग ब्लॉकचे आटे खातात. ते बोल्ट टेबलावरूनच उचलून फेकून द्या. ऑइल संपच्या मागच्या दोन भोकांत टीएच-४०० चं काही येत नाही, ती रिकामी राहतात.

खरी अडचण दिसत नाही. या इंजिनाच्या क्रँकचं मागचं तोंड जुन्या शेवरले व्ही-८ पेक्षा ०.४०० इंच, म्हणजे १०.२ मिलिमीटर आत आहे. टीएच-४०० चा कन्व्हर्टर जुन्या लांबीच्या हिशेबाने बनलेला. फरक भरून न काढता बसवलं तर कन्व्हर्टरच्या पुढच्या नाकाला क्रँकमध्ये आधारच मिळत नाही. त्याचे पॅड फ्लेक्सप्लेटला (क्रँक आणि कन्व्हर्टर जोडणारी पातळ चकती) टेकवायला कन्व्हर्टर पुढे ओढावा लागतो आणि त्याचे मागचे कान डब्यातल्या ऑइल पंपाच्या गिअरमधून अर्धे बाहेर येतात. गाडी सुरू होते, चालतेही. काही आठवड्यांनी पंपाचा आवाज येतो, मग कान तुटतात, मग लोखंडाचा चुरा सगळ्या व्हॉल्व्ह बॉडीत.

उपाय जीएमनेच दिलेला आहे, कारण ४एल८०ई लावताना त्यांनाही हेच भोगावं लागलं. तीन वस्तू लागतात: क्रँकवर बसणारा स्पेसर १२५६३५३२, सपाट फ्लेक्सप्लेट १२५५१३६७ आणि लांब बोल्ट १२५६३५३३. ट्रकची मूळ, बशीसारखी खोलगट फ्लेक्सप्लेट इथे चालत नाही. आणि उलट, सपाट प्लेट स्पेसरशिवाय लावली तर स्टार्टरचे दात रिंग गिअरवर नीट बसत नाहीत. बाजारात या कामासाठीच केलेल्या जाड फ्लेक्सप्लेटाही मिळतात, ज्यांच्यात हे अंतर धरलेलं असतं. अशी प्लेट घेतली तर सोबतचा कागद वाचा, वर पुन्हा स्पेसर घालू नका. १९९९ आणि २००० च्या, लोखंडी हेडच्या ६.० लिटर इंजिनाचा क्रँक मुळातच लांब आहे, त्याला स्पेसर लागत नाही. इंजिन दुसऱ्या गाडीतून आलेलं असेल तर ब्लॉकच्या तोंडापासून क्रँकच्या तोंडापर्यंत मोजून मगच ऑर्डर द्या.

फ्लेक्सप्लेटचे सहा बोल्ट तीन फेऱ्यांत, समोरासमोर आवळायचे: आधी २० न्यूटन-मीटर, मग ५०, शेवटी १०० (म्हणजे ७४ फूट-पौंड). आट्यांना लॉकर लावा. टॉर्क रेंच नसेल तर शेजाऱ्याचा आणा. इथे हाताचा अंदाज चालत नाही.

फ्लेक्सप्लेटची भोकं आणि कन्व्हर्टरची भोकं एकाच वर्तुळावर आहेत का हे दोन्ही वस्तू जमिनीवर ठेवून, एकावर एक धरून बघा. या कुळातल्या डब्यांत वेगवेगळी वर्तुळं आहेत: पावणेअकरा इंच, अकराच्या किंचित वर, साडेअकरा. भोकं कानशीने लांबवून जुळवणं हा बॅलन्स बिघडवायचा राजमार्ग आहे. बोल्ट फार लांब असतील तर कन्व्हर्टरच्या पत्र्याला आतून टोचतात आणि आत लॉकअप नसला तरी पत्रा फुगलेला कधीच सरळ होत नाही. म्हणून बोल्ट हाताने पूर्ण फिरवून, तो किती आत जातो ते आधी बघा.

डबा वर चढवणं

बॅटरी सोडा, ट्रक चार मजबूत घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कुणी जाऊ नये. जुना डबा काढताना क्रम असा: ऑइल, प्रोपेलर शाफ्ट, कूलरच्या नळ्या, शिफ्टची केबल, वायरिंगचा मोठा गोल प्लग, स्टार्टर, कन्व्हर्टरचे बोल्ट, मग क्रॉसमेंबर, शेवटी बेल हाउसिंग. इंजिनाच्या मागच्या टोकाला लाकूड ठेवून आधार द्या, नाहीतर ते मागे झुकतं आणि हीटरचे पाइप ताणले जातात. गोल प्लग कापू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, फायरवॉलला बांधून ठेवा. मूळ डबा परत बसवायची वेळ कधी येईल सांगता येत नाही.

नव्या डब्यात बसवण्याआधी कन्व्हर्टरमध्ये लिटरभर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) ओता आणि त्याच्या मागच्या नळीला ते चोळा. आता तो दाबत फिरवा. तो तीन टप्प्यांत आत सरकतो, प्रत्येक वेळी एक हलका ‘टक्’ जाणवतो: आधी एका शाफ्टचे दात, मग दुसऱ्याचे, मग पंपाच्या खाचा. दोन टक् ऐकून समाधान मानणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचेच पंप फुटतात.

डबा वर चढवला की डॉवेल पिना नीट शिरल्या का ते बघा. बेल हाउसिंग ब्लॉकला हाताने दाबून चिकटायला हवं. फट राहिली आणि ती बोल्ट आवळून मिटवायचा मोह झाला, तर थांबा, डबा खाली घ्या: कन्व्हर्टर बाहेर सरकलेला आहे. चिकटल्यावर बोल्ट ५० न्यूटन-मीटर. मग तपासणी: कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे आणि मागे-पुढे सरकला पाहिजे. पॅड आणि फ्लेक्सप्लेटमधलं अंतर फीलर गेजने किंवा ड्रिलच्या दांड्याने मोजा. ३.२ ते ४.८ मिलिमीटर हवं. जास्त असेल तर पॅड आणि प्लेटमध्ये सारख्या जाडीचे कडक वायसर घाला. अजिबात नसेल तर स्पेसर किंवा प्लेट चुकीची आहे, पुढे जाऊ नका. सगळं जमलं की कन्व्हर्टर पुढे ओढून तीन-अष्टमांश बोल्ट ४७ न्यूटन-मीटरला आवळा.

मागची बाजू

टीएच-४०० चा मागचा शाफ्ट ३२ दातांचा, ४एल६०ई चा २७ चा. जुना स्लिप योक (प्रोपेलर शाफ्टचा डब्यात सरकणारा पुढचा जोड) शिरणार नाही, ३२ वाला घ्यावाच लागतो. योक पूर्ण आत ढकला, मग २० ते २५ मिलिमीटर बाहेर ओढा, आणि तिथून मागच्या जॉइंटच्या मध्यापर्यंत प्रोपेलर शाफ्टची नवी लांबी मोजा. मोजताना ट्रकचं वजन चाकांवर हवं. घोडीवर चढवलेल्या ट्रकचा मागचा अॅक्सल लोंबकळतो, आणि त्या मापाचा शाफ्ट पहिल्या मोठ्या खड्ड्यात योक डब्यात ठोकतो.

माउंट बेल हाउसिंगच्या तोंडापासून ४एल६०ई ला साधारण साडेबावीस इंचांवर, टीएच-४०० ला पावणेसत्तावीस इंचांवर येतो. म्हणजे क्रॉसमेंबर सव्वाचार इंच मागे. फ्रेमला नवी भोकं पाडा, वेल्डिंग टाळा. जॉइंटचा कोन पुढे-मागे एकसारखा, एक ते तीन अंशांत ठेवा. फरक एका अंशापेक्षा जास्त झाला तर ८० किलोमीटरला पायाखाली थरथर येते आणि टायर बॅलन्स करून जात नाही.

जुन्या डब्याचा मेंदू

४एल६०ई ला किती दाब द्यायचा, कधी गिअर बदलायचा हे कॉम्प्युटर सांगत होता. टीएच-४०० ला कुणी सांगत नाही, त्याला फक्त दोन खबरी लागतात: इंजिनावर किती भार आहे आणि पाय पूर्ण दाबलाय का.

पहिली खबर व्हॅक्यूमची. मॉड्युलेटर हा पत्र्याचा डबीएवढा भाग डब्याच्या उजव्या बाजूला असतो. त्याला इनटेक मॅनिफोल्डमधून स्वतंत्र जोड द्या, ब्रेक बूस्टरच्या नळीवर टी मारू नका. नळी स्टीलची, दोन्ही टोकांना फक्त बोटभर रबर. आख्खी रबराची नळी सायलेन्सरजवळ मऊ होते, आत चेपते, आणि गाडी गरम झाल्यावरच गिअर उशिरा पडायला लागतात. थंड असताना सगळं ठीक. ही तक्रार ऐकली की मेकॅनिक आधी डबा उतरवतो, वास्तविक नळी वीस मिनिटांचं काम आहे. टर्बो असेल तर जोडांवर क्लिप लावा, नाहीतर बूस्टने नळी उडते. स्क्रूवाला मॉड्युलेटर घेतला तर घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर गिअर उशिरा आणि कडक पडतात; एका वेळी एक वेढा, मग चालवून बघणं.

दुसरी खबर किकडाऊनची. सॉकेटमधल्या टोकाला पाय पूर्ण दाबला असतानाच १२ व्होल्ट मिळाले पाहिजेत. जुन्या गाड्यांत थ्रॉटल लिंकेजवर स्विच असे. ज्या ट्रकला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आहे त्याला लिंकेजच नाही, म्हणून पेडलखाली मायक्रोस्विच बसवा: इग्निशनच्या फ्युजमधून १० अँपिअरची वायर, स्विच, मग डबा. टीएच-३५० ऐवजी हा डबा घ्यायचं मोठं कारणही हेच, टीएच-३५० ला केबल ओढणारं काहीतरी लागतं, ते अशा ट्रकमध्ये उरलेलं नाही. वायर जोडण्याआधी मीटरने तपासा की टोक आणि डब्याचा धातू यांत सर्किट मिळतं. चुकून कायम १२ व्होल्ट मिळत राहिले तर गाडी हळू चालवतानाही गिअर फार वरच्या आरपीएमला, दणका देत बदलते.

कॉम्प्युटरची समजूत

ट्रकचा कॉम्प्युटर अजूनही चार गिअरची वाट बघत असतो. तो शोधतो आणि मिळत नाही, मग पी ०७५३, पी ०७५८, पी ०७४० असे कोड पडतात आणि टॉर्क कमी केला जातो. ट्यूनिंगच्या सॉफ्टवेअरमधून गिअरबॉक्सचा प्रकार मॅन्युअल करा, शिफ्ट आणि लॉकअपचे कोड बंद करा. मूळ फाइल आधी काढून दोन ठिकाणी जपून ठेवा.

वेग मात्र त्याला हवाच. नसेल तर पी ०५०२ पडतो, स्पीडोमीटर मरतो, आयडल बिघडतं, आणि ज्या गाडीत एबीएसला मागच्या चाकांचा वेग याच जागेवरून मिळतो तिथे तेही रुसतं. ४एल६०ई च्या शेपटात एका फेरीला ४० पल्स येतात, ३.७३ वर ते मैलाला लाखाच्या आसपास जातात. टीएच-४०० ला केबलची जागा आहे, तिथे स्क्रू होणारा सेन्सर मैलाला काही हजार पल्सच देतो. तो लावला तर कॉम्प्युटरमधला आकडा तसा बदलावा लागतो. शेपटातच ४० दातांचं चक्र बसवणारा किट महाग आहे, पण मूळ वायरिंग जसंच्या तसं वापरता येतं. बजेट असेल तर तोच घ्या.

पार्क-न्यूट्रलचा स्विच जुन्या डब्यासोबत गेला. शिफ्टरवर नवा बसवा, त्यातून स्टार्टरची वायर आणि कॉम्प्युटरची पार्क-न्यूट्रल खबर दोन्ही न्या, रिव्हर्सच्या दिव्यालाही वेगळा स्विच. स्टार्टरची वायर सरळ जोडून टाकणारे असतात. गिअरमध्ये असलेला दोन टनी ट्रक चावी फिरवताच गराजच्या भिंतीकडे उडी मारतो, हे एकदा झालं की पुरे. कॉलमवरच्या खुणा आता जुळणार नाहीत. केबल अशी जुळवा की पार्क पूर्ण पार्कमध्ये आणि प्रत्येक खाचेत लिव्हर मध्यभागी बसेल. खाच आणि खूण यांत अर्धं अंतर राहिलं तर व्हॉल्व्ह अर्धा उघडा राहतो आणि क्लच जळतो.

ऑइल आणि पहिली फेरी

कूलरच्या जुन्या नळ्या आणि रेडिएटरमधला कूलर उलट दिशेने धुऊन घ्या. फुटलेल्या डब्याचा चुरा तिथे बसलेला असतो. डब्यातून खालच्या जोडातून ऑइल बाहेर जातं, वरच्यातून परत येतं. ट्रेलर ओढायचा असेल तर पुढे वेगळा कूलर जोडा, लॉकअप नसल्यामुळे उष्णता जास्त.

पूर्ण कोरड्या डब्याला कन्व्हर्टरसकट साधारण ११ क्वार्ट, म्हणजे १०.४ लिटर लागतात. डेक्सरॉन-६ चालतं. सुरुवातीला पाच लिटर घाला, इंजिन सुरू करा आणि मिनिटाच्या आत आणखी अडीच-तीन लिटर ओता, कारण कन्व्हर्टर लगेच ऑइल गिळतो. चाकं हवेत असताना ब्रेक धरून पार्क ते पहिला अशी लिव्हर फिरवा, प्रत्येक जागी चार सेकंद. उरलेलं ऑइल डिपस्टिक बघत. शेवटचं माप गरम ऑइलवर, इंजिन चालू, पार्कमध्ये, सपाट जमिनीवर. दाबाचं मीटर असेल तर आयडलवर व्हॅक्यूमची नळी काढून बघा, दाब दुपटीच्या आसपास चढला पाहिजे. चढत नसेल तर रस्त्यावर जाऊ नका.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पॅन पुन्हा उघडा. राखाडी, मऊ पावडर म्हणजे नव्या क्लचची घासण, चालेल. चमकणारे तुकडे चालणार नाहीत. पॅनचे बोल्ट १६ न्यूटन-मीटर पुरे. जास्त आवळले तर पॅकिंग बाजूला सरकतं आणि तेच गळायला लागतं.

बाहेर कुठेच गळत नाही, तरी ऑइल कमी होतंय आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, तर मॉड्युलेटरचा पडदा फाटलाय. नळी ओढून काढा: आत लाल ऑइलचा थेंब दिसला की निदान पक्कं. मॉड्युलेटर एका बोल्टवर आहे, डबा न उतरवता बदलता येतो.